बाबांचा मेलबॉक्स आणि राजवाड्यांचे रुमाल

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरातून करतो. भंडाऱ्यातून.

आमचं मूळ गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. आता ते नकाशावर नाही. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातून झालं आणि नंतर कित्येक वर्षांनी पाणी आमच्या अंगणात आलं. बाबा शिक्षक. काका अमेरिकेत. घर सोडायच्या आधी बाबांनी सायबर कॅफेत बसून काकांना एक लांबलचक मेल पाठवला होता: घर कसं होतं, कोणत्या बाजूला कोणतं झाड, घाटाच्या पायऱ्या किती. घराचा धड एकही फोटो नाही. आजी आता नव्वदीच्या घरात आहे, रोज विचारते, "चिंच कोनत्या बाजूला होती रे?" काकांचं त्या काळचं खातं केव्हाच बंद पडलं. म्हणजे उत्तर एकाच ठिकाणी, बाबांच्या मेलबॉक्समध्ये. आणि बाबा २०२२ मध्ये गेले.

मे २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबरपासून पुसायला घेऊ. बाबांचं सिम बंद झालेलं, ओटीपी येणार कुठे? नशीब, त्यांच्या जुन्या फोनवर खातं उघडं होतं. तिथूनच 'टेकआउट' मागवलं. सुमारे ४० हजार मेल, एकच भलीमोठी एमबॉक्स फाइल.

आता यातून शोधायचं कसं? इथे मला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आठवले.

राजवाडे १८६३ चे. गावोगाव, बरेचदा पायी फिरून त्यांनी जुन्या घराण्यांची दप्तरं धुंडाळली. वाईला मिळालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये आला, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'. पुढे असे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. पण कागद मिळणं ही निम्मीच लढाई. पत्रं मोडीत, कापडात बांधलेली. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आणि खरी गंमत तारखेची: खासगी पत्रावर बहुतेक वेळा 'छ' म्हणजे चंद्र, तिथीचा आकडा आणि हिजरी महिना एवढंच. साल नाही! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला माहीतच होतं ना कोणतं वर्ष चालू आहे. मग मजकुरातली माणसं, लढाई, सण यांवरून साल ठरवायचं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर असे हजारो रुमाल. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गो. स. सरदेसाईंना मुंबई सरकारने ते काम दिलं आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ भाग छापले गेले. विषयवार. निवड हा शब्द महत्त्वाचा आहे. सरदेसाईंनी जे बाजूला ठेवलं ते आपण त्या खंडांत शोधू शकत नाही. विषयांची यादी कितीही चांगली असली तरी ती करणाऱ्याच्या डोक्यातले प्रश्नच ती घेऊन येते. 'अंगणातली चिंच' असा विषय कोण कशाला काढेल?

म्हणून मला प्रत्येक शब्दाची सूची करणारं टूल हवं होतं. ही कल्पना कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये सेंट शेरच्या ह्यू या धर्मगुरूच्या देखरेखीखाली बायबलची शब्दसूची झाली: शब्द द्या, तो कुठे कुठे आलाय ते बघा. आजचं प्रत्येक सर्च इंजिन मुळात हेच करतं.

मी आधी शॉर्टकट मारला. लिनक्सवर 'ग्रेप' नावाची कमांड असते, फाइलमध्ये सरळ शब्द शोधते. 'चिंच' टाकलं. शून्य. 'घर' टाकलं. तेही शून्य! चाळीस हजार मेलमध्ये घर नाही? असं कसं होईल?

कारण पुन्हा इतिहासात. ईमेल पाठवायचा एसएमटीपी हा नियम १९८२ चा, आणि तो सात बिटांचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरता. बाकीच्या लिप्यांसाठी आणि जोडफायलींसाठी १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी 'माइम' आणलं. त्यात देवनागरी मजकूर बहुधा इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक ओळी होऊन प्रवास करतो. फाइल उघडली तर अक्षरशः मोडी! म्हणजे टूलला आधी मोडी वाचता आली पाहिजे, मग सूची.

तीन पर्याय नीट पाहिले. थंडरबर्ड: ओळखीचं, सोपं, शोधही आहे, पण मला जोडलेल्या वर्ड फायलींच्या आतलंही शोधायचं होतं. नॉटमच: २००९ च्या सुमाराला कार्ल वर्थ यांनी आणलेलं, भन्नाट वेगवान, मूळ मेलला हात न लावता बाजूला सूची करतं. पण त्याला प्रत्येक मेलची वेगळी फाइल लागते, आणि काम टर्मिनलवर. आईला दाखवणार कसं? तिसरं रिकॉल. ते एमबॉक्स तशीच वाचतं, पीडीएफ आणि वर्डच्या आत शिरतं, आणि चक्क खिडकी आहे. आतलं इंजिन दोघांचं एकच, झॅपियन. मी रिकॉल घेतलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर रात्रभर सूची होत राहिली.

तरी मराठी आपला हिसका दाखवतेच. 'आंबा' शोधलं तर 'आंब्याच्या' येत नाही, म्हणून 'आंब' लिहून पुढे चांदणी द्यायची. 'भंडारा' शोधलं तर जिल्हा कमी आणि जेवणावळीची आमंत्रणं जास्त! शिवाय गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, पण बाबांच्या लेखी तिकडचे सगळे नातेवाईक शेवटपर्यंत भंडाऱ्याचेच. आणि बाबा काकांशी झाडीबोलीत लिहायचे. आपल्या झाडीत ण नाही, ळ नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केलाय, पण सर्च इंजिनला ते कोण सांगणार? मी प्रत्येक शब्द दोनदा शोधत बसलो.

'चिंच' मात्र काही सापडेना.

मग लक्षात आलं. तेव्हा सायबर कॅफेत युनिकोड कुठे होतं, कृतीदेव फॉन्ट होता. त्यात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो. कृतीदेवमध्ये 'चिंच' म्हणजे एफ, पी, ए, पी. ही चार अक्षरं रिकॉलमध्ये टाकली.

दोन निकाल आले.

पहिली वर्ड फाइल तीच होती. चिंच घराच्या मागे, नदीच्या अंगाला. तिच्याखाली गुरांचा गोठा. आंब्याची झाडं चार, मोह एक.

दुसरी फाइल त्याच वर्षीची. तिच्यात चिंच विकून किती आले याचा हिशोब, आणि खाली काकांकडे माझ्या शाळेच्या फीसाठी उसने मागितलेले पैसे. मला हे कधीच माहीत नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. तू काऊन सगळंच शोधून राहिला बेटा?"

राजवाड्यांना कितीतरी घराण्यांनी दप्तर दाखवायला नकार दिला होता. आजवर मला त्या लोकांचा राग यायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ईपॅड नावाचं टूल केलंय. लोकांचे मेल अभ्यासकांसाठी खुले करण्याआधी त्यातलं खासगी काय ते शोधून झाकता येतं. त्याची मुळं सुधींद्र हंगल यांच्या 'म्यूज' या प्रयोगात आहेत, आणि म्यूज मुळात आपलेच जुने मेल आपल्याला आठवणी म्हणून दाखवण्यासाठी होतं. मी आधी ईपॅड बघितलं तेव्हा म्हटलं, घरच्या मेलला कशाला एवढा तामझाम.

आता रिकॉलमध्ये दोन वेगळ्या सूची केल्यात. एकीत सगळं, ती फक्त आईच्या परवानगीने उघडायची. दुसरीत बाबा आणि काकांच्या गावाबद्दलच्या मेलचा वेगळा फोल्डर, त्यातला कोणता मेल ठेवायचा ते आई ठरवते. आतापर्यंत तिने ६२ ठेवलेत. हिशोबाची फाइल त्यात नाही.

आजीला चिंचेचं सांगितलं. म्हणाली, "हव, नदीकडंच. मंग मी काय म्हनत होती?"

तुमच्या घरी कुणाचा जुना मेलबॉक्स पडून असेल तर मला कळवा, कृतीदेवच्या अक्षरांची यादी पाठवतो. पुढच्या भागात मोडीतली तारीख वाचायला शिकू.