दोरी ओढली की सुरू झालं पाहिजे

माझ्या एका मित्राने रबरी डिंगी घेतली आहे. दहा फुटी, हवा भरायची. पक्का नाशिककर, लहानपणापासून गंगापूर धरणाचं पाणी बघत मोठा झालेला, त्यामुळे हौस समजू शकतो. (परवानगीचं आधी बघ, हे सांगून झालंय.) आता त्याला मागे लावायला मोटार हवी आहे आणि प्रश्न एकच, "भरवशाची कुठली?" माहितीपत्रकं वाचून उत्तर काही मिळेना. मग नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या पोटात न बसवता मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. वर इंजिन, मधे लांब दांडा, खाली पंखा. काम झालं की काढून घरी न्यायचं. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन या गृहस्थाने १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीवर असं यंत्र चालवून पाहिलं आणि पुढे विकलंही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ओले एव्हिनरूड. नॉर्वेत जन्मलेला, मिलवॉकीत साचे बनवणारा कारागीर. गोष्ट अशी सांगतात की १९०६ च्या उन्हाळ्यात बेस नावाच्या मैत्रिणीबरोबर तो तळ्यावर सहलीला गेला. तिला आइस्क्रीम हवं झालं. हा वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी! खरं-खोटं त्या दोघांनाच माहीत. पण पुढे बेस त्याची बायको झाली आणि १९०९ मध्ये त्याची मोटार बाजारात आली, हे नक्की. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो, किंमत ६२ डॉलर. पौंडाला एक डॉलर, अगदी भाजीसारखा भाव. हिशेब आणि जाहिराती बेस बघायची. वल्ही फेकून द्या, हा त्या जाहिरातींचा सूर.

या मोटारी तशा तापदायकच. सुरू करायला वरचं जड चाक मुठीला धरून हाताने फिरवायचं. इंजिन पेटलं की चाक त्या मुठीसकट गरगर फिरणार, हात वेळेवर काढला नाही तर बोटं सोलवटणार. तरी लोकांनी त्या घेतल्या. कारण बिघडलं तर उघडून बघता येत होतं. एक सिलिंडर, एक प्लग, एक कार्बोरेटर. ज्यांच्या घरी लुना किंवा टू-स्ट्रोक बजाज होती त्यांना वेगळं सांगायला नको. बाबा रस्त्याच्या कडेला प्लग काढून, पुसून, परत लावून पुढे निघायचे. तोच प्रकार, फक्त रस्त्याऐवजी पाणी.

छोट्या आउटबोर्डमधला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे शिअर पिन. पंखा आणि त्याचा दांडा यांना जोडणारी मऊ धातूची एक काडी. पंखा दगडावर आपटला की ती मुद्दाम मोडते आणि आतले महागडे गिअर वाचतात. खिशात दुसरी पिन असली की पाच-दहा मिनिटांत पुन्हा चालू. कुठे मोडायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं डिझाइन! आमच्या धंद्यात हे इतकं स्वच्छपणे फार थोड्यांना जमतं. असो.

यामाहाचं पहिलं आउटबोर्ड १९६० मध्ये आलं. होंडा १९६४ मध्ये आली ती थेट फोर-स्ट्रोक घेऊन. पण गरीब देशांच्या किनाऱ्यांवर टू-स्ट्रोकच फोफावलं. हलकं, स्वस्त, वाटेत दुरुस्त होणारं. त्याचा दोष मात्र थेट पाण्यात जातो. जुन्या कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये २५ ते ३० टक्के इंधन न जळताच बाहेर पडतं, सोबत त्यात मिसळलेलं ऑइलही. त्यामुळेच अमेरिकेतल्या टाहो तलावावर १९९९ मध्ये अशा मशीनना बंदी आली.

आता गंगापूरकडे बघा. १९६५ मध्ये पूर्ण झालेलं हे मातीचं धरण नाशिकला पाणी पाजतं. तिथे टू-स्ट्रोक फिरवणं म्हणजे आपल्याच माठात ऑइल ओतणं. मित्राच्या यादीतून अर्धी मशीनं इथेच गेली.

पण हीच गोदावरी ऑगस्ट २०१९ मध्ये दुतोंड्या मारुतीच्या डोक्यापर्यंत आली होती. अशा वेळी माणूस छपरावर असतो आणि ऑइलचा तवंग कुणी मोजत नाही. तेव्हा पहिल्या झटक्यात सुरू होणारं आणि प्रवाहाविरुद्ध नेणारं मशीन लागतं. दहा फुटी होडी पाणी कापत जाते तेव्हा तिचा वेग तासाला आठेक किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. पुराचा प्रवाह सहज त्याच्या वर जातो. म्हणून बचावाच्या बोटींना पंचवीस-तीस हॉर्सपॉवर आणि वरची मशीनं असतात. आणि मशीन चांगलं असलं म्हणजे झालं असंही नाही. त्याच महिन्यात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. त्यामुळे मित्राला स्पष्ट सांगितलं, तुझी डिंगी हौसेसाठी, पुरात मदतीला म्हणून ती काढायची नाही.

राहिला प्रश्न पाण्यातल्या कचऱ्याचा. बहुतेक आउटबोर्ड नदीचंच पाणी आत ओढून थंड होतात. आपल्या गोदावरीत पाणवेली, निर्माल्य, प्लॅस्टिक, कपडे. पाणी घ्यायचं भोक बुजलं की इंजिन तापून जाम. म्हणून मला होंडाचं दोन-सव्वादोन हॉर्सपॉवरचं छोटं फोर-स्ट्रोक पटलं. हवेवर थंड होतं, वजन १३-१४ किलो. आवाज मोठा, रिव्हर्स गिअर नाही, अख्खं मशीन फिरवून मागे यायचं. चालेल. बॅटरीवरचीही आता मिळतात, धरणाच्या पाण्याला त्याहून चांगलं काही नाही, पण किंमत ऐकून मित्र गप्प झाला.

सुटे भाग कुठे मिळतात ते मात्र आधी विचार म्हटलं. एव्हिनरूडसारखं नावसुद्धा २०२० मध्ये मालक कंपनीने बंद केलं. दोन जादा पिन, एक प्लग, दोरीचा तुकडा आणि पाना डब्यात भरून होडीतच बांधून ठेव. आणि बेसबाईंचं न ऐकता वल्ही आधी घे, मशीन नंतर.