गडाचे कोठार

‘कारखाना’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे धुराडे, भोंगा आणि यंत्रे उभी राहतात. शिवकाळी या शब्दाचा अर्थ निराळा होता. राज्याला लागणारी वस्तू जेथे सिद्ध होते, साठते आणि हिशेबाने खर्ची पडते, ते खाते म्हणजे कारखाना. धान्याचा अंबरखाना, दारूगोळ्याचा दारूखाना, तंबू-बिछायतीचा फरासखाना असे अठरा कारखाने परंपरेने सांगितले जातात. उत्पादनाचे व कारभाराचे शास्त्र पश्चिमेकडून आले, असे आपण सहज म्हणून जातो. टेलरचा ग्रंथ १९११ चा, माल एका वेळी किती मागवावा याचे हॅरिसचे गणित १९१३ चे, हे खरेच. पण साठा किती हवा, हा प्रश्न मावळातल्या माणसाला दर पावसाळ्यात पडतच होता.

गुंजवणे हे गुंजण मावळातले, राजगडाच्या पायथ्याचे गाव. येथून वाट पद्मावती माचीवर चढते. सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांची राजधानी या डोंगरावर होती. माचीवर तलाव आहे, कोठारांचे अवशेष आहेत. तेथून खाली पाहिले म्हणजे अडचण ध्यानी येते. धान्य, मीठ, तेल, लोखंड, सारे माणसाच्या डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून वर यावयाचे. पावसाळ्यात वाट निसरडी; वेढा पडला तर वाटच बंद. मग कोठारात असेल तेच खरे.

म्हणून कोठार एकाच्या मुठीत ठेवलेले नव्हते. सभासद बखरीत गडावरील हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे बरोबरीचे अंमलदार सांगितले आहेत. सामानसुमानाला कारखानीस वेगळा. कोणी एक फितला तरी गड जाऊ नये, ही त्यातील सावधगिरी. आमच्या मते तिचा दुसरा लाभही तितकाच मोठा होता : साठ्याचा हिशेब एकाहून अधिक डोळ्यांखालून जाई.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हा विचार फार बारकाईने आला आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. एका झऱ्यावर विसंबू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटतो, तेव्हा राखीव टाकी करावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्चू नये. दारूखाना वस्तीला लागून नसावा. दारूला सर्दी लागू देऊ नये. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन ती बाहेर काढवावी, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. यंत्र बिघडण्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी ते उघडून तपासावे, असे आजचा कारखानदार म्हणतो. ते याहून काय वेगळे?

अर्थात आज्ञापत्र शिवछत्रपतींच्या नंतर बऱ्याच वर्षांनी, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिले गेले. ते कारभार कसा असावा हे सांगते. प्रत्येक गडावर तो तसाच होता असे त्यावरून म्हणता येत नाही. आमचे इतिहासप्रेमी येथे थोडे घाईला येतात.

प्रत्यक्षात काय बिघडत असे, हे पाहावयाचे तर राजगड सोडून सह्याद्रीपलीकडे, चिपळूणच्या बाजूस गेले पाहिजे. मे १६७३ मध्ये, पावसाळा तोंडावर असता, तेथे छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना महाराजांचे एक पत्र गेले. लढाईचा त्यात शब्द नाही. आहे तो दाणा आणि गवत यांचा हिशेब. पावसाळ्यासाठी केलेला साठा असेल तोवर मनमानेल तसा घोड्यांना चाराल, तर भर पावसात तो संपेल. मग घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. एवढ्यावर ते थांबत नाही. कोठार रिते झाले की शिपाई गावात शिरणार. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजीपाला. जी माणसे कशीबशी घर धरून राहिली आहेत तीही मग परागंदा होतील, आणि मोगलांपेक्षा हेच वाईट असे त्यांना वाटेल.

आम्हांला या पत्राचे मोल येथे वाटते. साठ्यातली चूक शेवटी कोणाच्या चुलीवर जाऊन आदळते, याचा माग राजाने स्वतः काढला आहे. आणि दृष्टी किती खाली उतरली आहे पाहा : गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल.