वेगळ्या चुलीचा प्रश्न : कॅनडातील दुय्यम बिऱ्हाडे आणि नगरपालिकांचे उत्तेजन

राहत्या घराचा एखादा भाग भाड्याने देण्याची रीत जुनी आहे. असे करावे म्हणून नगरपालिकेने घरमालकास द्रव्यसाहाय्य द्यावे, ही कल्पना मात्र अलीकडची होय. कॅनडातील कॅल्गरी नगराने २०२४ मध्ये अशी योजना सुरू केली आणि प्रत्येक दुय्यम बिऱ्हाडामागे १०,००० डॉलरपर्यंत साहाय्य देऊ केले. वरवर पाहता हे नव्या बांधकामाला दिलेले उत्तेजन आहे. तथापि या प्रश्नाचा मागील इतिहास पाहिला असता असे दिसते की, अशी बिऱ्हाडे कॅनडातील नगरांत कित्येक दशके नांदत होती. कायद्याने मात्र त्यांचे अस्तित्व मानले नव्हते. सबब अशा साहाय्याचा अर्थ लावताना, ही बिऱ्हाडे कायद्याबाहेर कशी गेली आणि परत कशी आली, हे आधी पाहणे अवश्य ठरते.

प्रथम संज्ञेविषयी. तिकडील कायद्यात ‘सेकंडरी सूट’ म्हणून जे ओळखले जाते, त्यास मराठीत ‘पोटभाडेकरूची जागा’ म्हणता येणार नाही. पोटभाडेकरू हा भाडेकरूचा भाडेकरू असतो. येथे करार थेट मालकाशी होतो. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात, बहुधा तळघरात, स्वतंत्र दार, स्नानगृह व स्वयंपाकघर असलेले जे दुसरे बिऱ्हाड, ते दुय्यम बिऱ्हाड होय. यातील निर्णायक वस्तू म्हणजे स्वयंपाकघर. मराठीत कुटुंब विभक्त झाले म्हणजे ‘वेगळी चूल मांडली’ असे म्हणतात. व्हँकूव्हर नगराचे विभागीकरणाचे नियमही जवळजवळ याच तत्त्वावर चालत. भाड्याने दिलेली खोली चालत असे; परंतु तिच्यात शेगडी आली की घरात दुसरे निवासस्थान निर्माण झाले आणि नियमभंग झाला.

एककुटुंबी घरांचे विभाग राखून ठेवण्याची पद्धती व्हँकूव्हरमध्ये १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात बंदरातील उद्योगांसाठी कामगारांची रीघ लागली आणि घरांची टंचाई तीव्र झाली. तेव्हा १९४२ मध्ये केंद्र शासनाने युद्धकालीन आदेशाने स्थानिक निर्बंध बाजूस सारून घरांचे भाग पाडण्यास मोकळीक दिली. युद्ध संपले, टंचाई मात्र संपली नाही. पुढे आदेशाची छाया दूर होताच १९५६ मध्ये नगरसभेने एककुटुंबी विभागांतील ही बिऱ्हाडे क्रमाक्रमाने बंद करण्याचे धोरण स्वीकारले. काल देशकार्य म्हणून जे गौरविले गेले, तेच आज बेकायदेशीर ठरले.

हे धोरण पूर्णतः अमलात येणे शक्य नव्हते. घरमालकास कर्जाचे हप्ते भागविण्यासाठी भाड्याची गरज होती आणि भाडेकरूस स्वस्त जागेची. विशेष अडचण दाखविणाऱ्यांना मुदतवाढ देण्याचीही पाळी नगरपालिकेवर आली. शेजाऱ्याची तक्रार येई, निरीक्षक येई आणि शेगडी काढली जाई. या व्यवस्थेत सर्वांत दुर्बल स्थिती भाडेकरूची होती. ओल, अपुरा उजेड किंवा आगीचे भय यांविषयी त्याने नगरपालिकेकडे दाद मागावी, तर निर्णय बहुधा बिऱ्हाड बंद करण्याचाच होई. म्हणजे तक्रारीचे फळ म्हणून त्याचे स्वतःचेच छप्पर जाई. म्हणून तो गप्प राही. घरे सुरक्षित राहावीत म्हणून केलेला नियम अशा रीतीने असुरक्षित घरांना झाकणारा पडदा बनला.

बांधकामाच्या रूढींनीही याच वास्तवाशी जुळवून घेतले. १९६५ ते १९८५ या काळात तेथे ‘व्हँकूव्हर स्पेशल’ नावाची दुमजली घरे हजारोंनी बांधली गेली. वरच्या मजल्यावर मालकाचे कुटुंब राही आणि खालच्या मजल्याचे बिऱ्हाडात सहज रूपांतर करता येई. ‘मॉर्गेज-हेल्पर’, म्हणजे कर्जफेडीचा मदतनीस, हा शब्द याच व्यवहारातून रुळला. कायद्याच्या भाषेत जे ‘अवैध’, ते लोकभाषेत ‘मदतनीस’ होते. या दोन शब्दांतील अंतर मिटण्यास बराच काळ लागला. १९८० नंतरच्या दशकात वस्तीवार मते अजमावली गेली. आणि अखेर २००४ मध्ये नगरातील सर्व एककुटुंबी विभागांत अशा बिऱ्हाडांना मान्यता मिळाली. जुन्या घरांसाठी बांधकामाच्या काही अटीही शिथिल झाल्या.

कॅल्गरीत ही वाटचाल अधिक विलंबाने झाली. तेथील अनेक विभागांत एकेका बिऱ्हाडासाठी नगरसभेपुढे जाहीर सुनावणी होत असे आणि घरमालकांना आपली सांपत्तिक अडचण किंवा आप्तांचे आजारपण भर सभेत सांगावे लागे. मार्च २०१८ मध्ये ही पद्धती संपुष्टात आली. त्याबरोबर नोंदणी सक्तीची झाली, जुन्या बिऱ्हाडांना अभयाची मुदत मिळाली आणि शुल्कही माफ झाले. शयनगृहाला बाहेर पडता येईल एवढी खिडकी, परस्परांशी जोडलेले धूरसूचक, सुरक्षित निर्गममार्ग अशा अटी पुऱ्या करणाऱ्या घरांची नोंद होऊ लागली. केंद्राच्या गृहनिर्माण-निधीतून २०२४ मध्ये आलेले १०,००० डॉलरचे साहाय्य या क्रमातील शेवटची पायरी होय. बंदी, डोळेझाक, मान्यता, अभय आणि सर्वांत शेवटी द्रव्य, असा हा क्रम आहे. घरमालक हिशेबाने वागतो; नोंदणीचा खर्च आणि दंडाचे भय जोवर लाभाहून मोठे, तोवर तो लपून राहणेच पसंत करतो. साहाय्याने हे पारडे फिरविले.

शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी निराळा मार्ग चोखाळला. नव्या बिऱ्हाडाच्या निम्म्या खर्चापर्यंत, परंतु ४०,००० डॉलरांच्या मर्यादेत, माफ होऊ शकणारे कर्ज देऊ केले; अट अशी की, किमान पाच वर्षे ते बाजारभावाहून कमी भाड्याने द्यावे. मार्च २०२५ मध्ये या योजनेत नवे अर्ज घेणे थांबले. दोन्ही योजनांची तुलना उद्बोधक आहे. कॅल्गरीचा पैसा सुरक्षिततेची आणि नोंदणीची किंमत देतो, भाड्याविषयी मौन पाळतो. ब्रिटिश कोलंबियाचा पैसा थेट भाड्यावर बंधन घालतो, परंतु त्यासाठी मालकाकडून अधिक त्यागाची अपेक्षा धरतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उत्तेजनाचे यश किती नवी बिऱ्हाडे बांधली गेली एवढ्यावरच मोजणे अपुरे आहे. तळघरात राहणारा भाडेकरू, खिडकी लहान आहे अशी तक्रार घेऊन नगरपालिकेच्या दारी निर्भयपणे जाऊ शकतो की नाही, ही त्याची खरी कसोटी होय. पन्नास वर्षे ज्या तक्रारीने घर जात होते, त्याच तक्रारीने खिडकी मोठी होऊ लागली, तर सार्वजनिक द्रव्य सत्कारणी लागले असे म्हणता येईल.