पंडिता रमाबाईंचे दुःख कशाने हलके झाले?

वस्तीतली एखादी बाई रविवारी प्रार्थनेला जाऊ लागली की आपल्या कार्यकर्त्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. कोणी म्हणतो अंधश्रद्धा, कोणी म्हणतो आमिष. यातला दुसरा शब्द मनुवाद्यांचा आहे, हे आपण विसरतो. धर्म बदलणारा माणूस विकला जातो, विचार करत नाही, असे त्यांना म्हणायचे असते. १९५६ नंतर आपल्या आईबापांनाही हेच ऐकावे लागले. म्हणून ती बाई तिथे का जाते आणि तिला बरे का वाटते, हा प्रश्न आपण तरी नीट विचारला पाहिजे. त्याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. पुढे सगळे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत राहिले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत आई, वडील आणि मोठी बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. पण १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८२ साली तेही पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी आणि मागे सगळे घर संपलेले, अशी त्यांची अवस्था होती.

या दुःखावर धर्मशास्त्राकडे औषध काय होते? रमाबाईंनी ही शास्त्रे मुळातून वाचली होती. आपल्या आत्मकथनात त्या सांगतात की, शास्त्रे इतर बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री ही जात म्हणूनच वाईट आहे आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, यावर सगळ्यांचे एकमत आहे. शूद्रांची गतही त्यांना तशीच दिसली. ज्या धर्मात विधवेचे दुःख हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ठरते, तो धर्म तिचे सांत्वन कसे करणार? तो जखमेवर मीठच चोळणार.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातला एक आश्रम दाखवला होता. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते आणि त्या बायका पुन्हा उभ्या राहत होत्या. याचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. त्यांना हे कुठून येते असे विचारल्यावर योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना ऐकायला मिळाली. म्हणजे डोळ्यांनी दिसली ती आधी करुणा. तिचा आधार असलेला ग्रंथ नंतर हाती आला.

बाप्तिस्मा घेतला आणि दुःख संपले, असेही झाले नाही. आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. त्यानंतरच मनाला खरी शांती लाभली असे त्या लिहितात. आणि या सगळ्या काळात त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादे तत्त्व मानायला त्यांनी नकार दिला आणि इंग्लंडमधल्या आपल्या गुरुजनांशी पत्रांतून वाद घातले. इकडे पुण्यात सनातनी आणि सुधारक दोघेही खवळले होते. जोतीराव फुले मात्र १८८५ सालच्या 'सत्सार'मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले.

रमाबाईंच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे ब्राह्मणी सोवळेओवळे पाळायची सोय होती. हे बदलले दुष्काळामुळे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी उपासमारीने खंगलेल्या सगळ्या जातींच्या बायका-मुली गोळा केल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जणी राहू लागल्या. त्यांना अन्न आणि अक्षर मिळाले. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे मिळाली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींना शिकवायची सोय होती.

याच केडगावात १९०५ साली मोठे 'जागरण' झाले. शेकडो मुली एकत्र मोठ्याने प्रार्थना करत रडत होत्या. रमाबाईंनी यात पवित्र आत्म्याचे कार्य पाहिले. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मुलींनी दुष्काळात आपली माणसे मरताना पाहिली, ज्यांच्या रडण्याची कोणी कधी दखल घेतली नव्हती, त्यांना मोठ्याने रडायला जागा मिळाली. शेजारी तसेच दुःख भोगलेली दुसरी मुलगी होती, आणि रडून झाल्यावर जेवण होते, शाळा होती, काम होते. माझ्या मते त्यांना बरे करणारे औषध हे होते.

मग आपण ख्रिस्ती व्हायचे का? नाही. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला. त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर बोट ठेवले आणि ख्रिस्ती समाज राजकीय हक्कांबाबत मागे आहे, हेही सुनावले. मन शांत झाले तरी अन्याय करणारी व्यवस्था जागेवरच राहते. तिच्याशी लढावेच लागते.

पण लढणाऱ्या माणसालाही मन असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मेलेले मूल घेऊन फिरणाऱ्या किसा गोतमीला जागा दिली आहे. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुणारे तथागत त्यांनी आपल्याला दाखवले आहेत. नवरा, मुले, आईबाप एकदम गमावून वेडी झालेली पटाचारा संघात आली आणि इतर दुःखी स्त्रियांची गुरू झाली. तिची कहाणी रमाबाईंच्या कहाणीची थोरली बहीण वाटते. सांत्वन ही काही चर्चची मक्तेदारी नाही. ती आपल्या धम्माची मूळ ठेव आहे. आपण ती कपाटात ठेवली आहे.

आपली किती विहारे जयंती, वर्षावास आणि लग्न सोडून उघडतात? नवऱ्याच्या दारूने खचलेली, मुलाच्या आत्महत्येने कोसळलेली बाई तिथे गेली तर तिच्याजवळ बसणारे कोणी असते का? भाषण ऐकवणारे पुष्कळ असतात, ऐकून घेणारे नसतात. आठवड्यातून एक संध्याकाळ विहार फक्त दुःख सांगायला आणि ऐकायला उघडे ठेवा. चार बायांना ऐकायचे प्रशिक्षण द्या. डॉक्टर, वकील, शिष्यवृत्ती, बचत गट यांची माहिती त्याच ओट्यावर मिळू द्या. तोवर प्रार्थनेला जाणाऱ्या आपल्या बहिणीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जय भीम!