आजीचा पोहेहार : साष्टीच्या ख्रिस्ती अलंकारांची कहाणी

विवाहाची नोंद करण्यासाठी मायलेकी धर्मगुरूंच्या कार्यालयात येतात, तेव्हा बाप्तिस्म्याचा दाखला आणि साक्षीदारांची नावे यांपलीकडे सहसा बोलणे जात नाही. काही वर्षांपूर्वी मात्र एका आईने पर्समधून मलमलीची पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर सोडली. आत तिच्या सासूचा पोहेहार होता. दोरा कुजलेला, दोन-तीन ठिकाणी सुटलेला. "फादर, तुम्हीच सांगा हिला. हा मोडीत घालून हलका सेट घ्यावा म्हणते मी. पांढऱ्या गाउनवर हे कसं दिसेल?" मुलगी काहीच बोलली नाही. तिने हार उचलला आणि तळहातावर धरून ठेवला.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले व विचारात घेतले, ते येथे मांडीत आहे.

पोहेहार म्हणजे पोह्यांच्या आकाराचे चपटे सोन्याचे दाणे ओवून केलेला हार. तो हिंदू घरांतही आहे आणि आपल्याही. बुगडी, कुडी, पाटल्या, अंबाड्यावर खोवायचे सोन्याचे फूल या दागिन्यांचेही तसेच आहे. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला, पण शेत, आगर, होडी आणि मराठी बोली त्यांनी सोडली नाही. तसाच दागिनाही सोडला नाही.

१५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे आपले ठाणे केले; येशूसंघीयांनी अंधेरीजवळच्या कोंडिविटे गावात १५७९ मध्ये संत योहान बाप्तिस्ता यांचे मंदिर उभारले. पुरुषांच्या अंगावर हळूहळू सदरा-पाटलोण आली. गावातल्या स्त्रीने मात्र लुगडे नेसणे चालूच ठेवले, आणि लुगड्याबरोबर त्याला साजेसे दागिनेही राहिले.

हे सारे बिनविरोध झाले असे मात्र नाही. १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून लग्नसमारंभातील हळद, विडे, फुले अशा कितीतरी देशी चालींवर बंदी घातली. आमच्या बाजूला मात्र १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. पोर्तुगीज सत्ता गेली, श्रद्धा राहिली, आणि तिच्याबरोबर गावच्या चालीही राहिल्या. लग्नाआधी वाजतगाजत उंबराचे पाणी आणण्याची प्रथा आपल्या गावठाणांतून अजून पाळली जाते, ती याच चालींपैकी एक.

दागिन्याचा खरा वाद दक्षिणेत झाला. तमिळ प्रदेशातील ख्रिस्ती स्त्रिया विवाहाची खूण म्हणून ताली बांधत. काही तालींवर पिल्लैयार म्हणजे गणपतीची आकृती असे. पोपमहोदयांचे प्रतिनिधी तुर्नों यांनी १७०४ मध्ये पाँडिचेरी येथे आदेश काढून ती ताली निषिद्ध ठरवली. मात्र त्यांनी गळा मोकळा ठेवा असे सांगितले नाही. क्रूस, प्रभू येशू किंवा पवित्र मरिया यांची प्रतिमा असलेली ताली चालेल, असे त्यांनी म्हटले. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४४ मध्ये या वादावर अखेरचा शब्द टाकला, आणि मिशनरींना घ्यावी लागणारी त्यासंबंधीची शपथ १९४० मध्ये रद्द झाली. केरळातील सिरियन ख्रिस्ती तर फार पूर्वीपासून 'मिन्नू' बांधत आले आहेत. त्या चिमुकल्या सोन्याच्या पानावर बारीक मण्यांचा क्रूस असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ज्या अंगठीला निखळ ख्रिस्ती समजतो, तीही मूळची रोमन लोकांची. वाङ्निश्चयाची अंगठी ख्रिस्तमंडळाच्या आधीपासून रोममध्ये होती. जुन्या काळच्या स्त्रीला वराने दिलेल्या अंगठीपलीकडे सोने माहीत नव्हते, असे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेर्तुलियन लिहितो. साधारण त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ख्रिस्ती लोकांना सांगतो की, मुद्रेच्या अंगठीवर कबुतर, मासा, गलबत किंवा नांगर कोरावा, मूर्ती नको. वस्तू जुनीच घ्यायची आणि तिच्यावरची खूण आपली करायची, हा रिवाज त्या काळापासूनचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात विवाहातील स्थानिक, स्तुत्य चालीरीती जपाव्यात असे स्पष्टच सांगितले. आज आपल्याकडे विवाहविधीत अंगठीबरोबर मंगळसूत्रालाही आशीर्वाद देता येतो.

देवाणघेवाणीची एक गंमतही सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातील पुतळी माळ सर्वांना ठाऊक आहे. 'पुतळी' हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे, डुकाटचे, इकडचे नाव. व्हेनिसने ते १२८४ पासून पाडले, ते थेट १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. मिरी-मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी हिंदुस्थानात आली. त्यांच्या एका बाजूस संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या मध्ये उभे असलेले प्रभू ख्रिस्त! पुढे आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला केल्या, आकृत्या पुसट झाल्या, आणि त्यांत कोणाला राम-सीता दिसू लागले, तर कोणी तेथे लक्ष्मी घडवली. म्हणजे कित्येक हिंदू आज्यांच्या गळ्यात एके काळी ख्रिस्तप्रतिमा होती, तर ख्रिस्ती आजीच्या गळ्यात हिंदू शेजारणीच्या नमुन्याचा पोहेहार!

आपल्या घरांतून हे दागिने मागे पडण्याचे कारण धर्म नव्हे. ते आहे रेल्वे आणि कचेरी. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली आणि घाटकोपर-मुलुंडचा परिसर शहराशी जोडला गेला. पुढे १८६७ मध्ये अंधेरी-बोरिवलीकडून विरारपर्यंत लोकल धावू लागली. इंग्रजी शिकलेले तरुण नोकरीला लागले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आपल्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोव्याहून येणाऱ्या पोर्तुगीज प्रजाजनांहून आपण वेगळे आहोत, हे सरकारदरबारी कळावे हा त्यामागचा एक हेतू. कचेरीतल्या माणसाच्या घरी फ्रॉक आला, आणि फ्रॉकवर पोहेहार कसा घालणार? तेथे बारीक साखळी आणि छोटा क्रूस आला. लुगडे गेले तसा दागिना ट्रंकेत गेला. दोष कुणाचाच नाही. पोशाख बदलला की दागिना बदलतो.

दुसरे कारण गरज. सोने ही गृहिणीची बँक होती. आजारपण, मुलाचे शिक्षण, गळके छप्पर, अशा वेळी आधी पाटल्या जात आणि मग हार. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली, तेव्हा असंख्य सोनारांचा धंदा बसला. शुद्धतेची अट पुढे सैल झाली, तरी नियंत्रणाचा कायदा रद्द व्हायला १९९० साल उजाडावे लागले. एकदा सोनार दुसऱ्या धंद्याला लागला की त्याच्या हातातला नमुनाही जातो.

आणि आता कोंडिविट्याकडे पाहा. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे तेथील मंदिर सोडून लोक मरोळला आले. त्या परिसरात १९७३ मध्ये 'सीप्झ' हे निर्यातक्षेत्र उभे राहिले. मंदिराचे भग्नावशेष कुंपणाच्या आत आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे रत्नजडित दागिन्यांचे कारखाने आले. ज्या भूमीवर आपल्या पणज्या अंबाड्यात सोन्याचे फूल खोवून मिस्साला जात, तेथे आज अमेरिकेतील दुकानांसाठी हिऱ्यांच्या अंगठ्या घडतात. त्या वाईट नाहीत. कारागिरांची घरे त्यांवर चालतात. पण त्यांच्यात आपल्या गावाची खूण नाही, एवढेच.

मग काय घालावे? पवित्र शास्त्र या बाबतीत एकसुरी नाही. रिबेकेला सोन्याची नथ आणि कंकणे मिळाली, ती आनंदाची खूण होती. वाळवंटात कानांतल्या सोन्याचे वासरू झाले, आणि पुढे त्याच लोकांनी आपले दागिने प्रभूच्या मंडपासाठी आणून दिले. प्रेषित पेत्र बाह्य भूषणापेक्षा अंतःकरणाचे सौम्य सौंदर्य मोलाचे मानतो. आणि प्रभूच्या दाखल्यातला पिता परतलेल्या मुलाच्या बोटात अंगठी घालायला विसरत नाही. सोने तेच असते. ते कशासाठी घातले, हा प्रश्न असतो. शेजारणीला दिपवण्यासाठी कर्ज काढून घातलेला सेट कोणालाच शोभत नाही. अंगाला, पोशाखाला, खिशाला आणि मनाला पेलतो, तो दागिना शोभतो.

घरात जुना दागिना असेल, तर मोडीत घालण्याआधी एवढे करावे. त्याचे वजन करून घ्यावे, छायाचित्र काढावे, तो कोणाचा व कोणत्या लग्नातला हे कागदावर लिहून ठेवावे. दोराच कुजला असेल तर हार पुन्हा गाठवून घेता येतो. त्याला नव्या दागिन्याच्या घडणावळीच्या मानाने फार थोडा खर्च येतो. मोडताना तूट जाते, आणि नमुना जातो तो कायमचा. नवे घ्यायचेच असेल, तर हॉलमार्क पाहून घ्यावे. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने तो सक्तीचा झाला आहे, आणि बावीस कॅरटवर ९१६ चा आकडा असतो. आणि घरात खरीच अडचण असेल, तर दागिना विकण्यात कमीपणा मानू नये. आजीने तो अडीअडचणीसाठीही ठेवला होता.

त्या मायलेकी पुन्हा आल्या, त्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, पापनिवेदनासाठी. हार गाठवून आणला होता. उंबराच्या पाण्याच्या दिवशी लुगड्यावर पोहेहार, आणि मंदिरात गाउनवर बाप्तिस्म्याला मिळालेली क्रूसाची साखळी, असे दोघींनी ठरवले होते. हॉलच्या भाड्यासाठी आईने स्वतःच्या दोन बांगड्या मोडल्या, हे मला नंतर कळले.