घरी छापलेला फोटो : इंकजेटची वाटचाल

घरातला जुना अल्बम उघडून पाहा. 1990 पूर्वीचे फोटो बहुधा स्टुडिओतून किंवा कलर लॅबमधून धुऊन आलेले असतील. मग हे काम घरात कसे आले?

1977 मध्ये कॅननच्या एका संशोधकाचे तापलेले सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागले आणि शाई उडाली. त्यातून उष्णतेने थेंब फेकण्याची कल्पना सुचली. 1984 मध्ये एचपीचा थिंकजेट आला. 1994 मध्ये एप्सनने 720 डीपीआयचा रंगीत प्रिंटर आणला. घरी फोटो छापणे शक्य झाले.

आता बंगळूरकडे या. एचपीने तेथे 2002 मध्ये संशोधन प्रयोगशाळा उघडली. सुमारे 100 किलोमीटरवरच्या कुप्पम येथे कंपनीच्या प्रकल्पात बचत गटांतील स्त्रियांना डिजिटल कॅमेरा, छोटा प्रिंटर आणि सौर चार्जर मिळाला. वीज नसली तरी फोटो गावातच छापून मिळू लागला, आणि स्त्रियांच्या हाती चार पैसे आले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : डाय शाई उजेडाने, हवेने फिकटते, पिगमेंट शाई जास्त टिकते. तुमच्या आजीचा एकुलता फोटो कोणत्या शाईत आहे? मूळ फाइल जपली आहे ना?