तगरचा माल आणि गोठलेली खिडकी

मागच्या शनिवारी तेरला जाऊन आलो. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं गाव. बहुतेक लोक इथे गोरोबाकाकांच्या समाधीसाठी येतात. आईमुळे मीही तसाच आलो. दर्शन झाल्यावर तिला देवळात बसवलं आणि लामतुरे संग्रहालयात घुसलो. मातीच्या मूर्ती, मणी, नाणी... आणि डोक्यात मात्र २००६ सालचा एक वजनकाटा!

तेव्हा एका बाजार समितीच्या ट्रॅक्टर-काट्यासाठी मी डॉट नेटमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. एक थ्रेड काट्यावरून वजन वाचायचा, मुख्य थ्रेड खिडकी सांभाळायचा. ऐन सोयाबीनच्या हंगामात एका संध्याकाळी खिडकी गोठली. ऑपरेटरचा फोन आला, मी आरामात सांगितलं, "बंद करून चालू करा." केलं. पण एका शेतकऱ्याचं भरल्या ट्रॉलीचं वजन फक्त मेमरीत होतं. माल उतरवून रिकामी ट्रॉली काट्यावर आली तेव्हाच प्रोग्रॅम अडकला होता. भरलेलं वजन गेलं ते गेलंच. शेवटी अंदाजाने आकडा टाकला. त्या माणसाचं किती नुकसान झालं हे मला कधीच कळलं नाही.

चूक अगदी शाळकरी होती. वाचणारा थ्रेड आधी काट्याचं कुलूप, म्हणजे लॉक, घ्यायचा आणि ते हातात धरूनच खिडकीला 'इन्व्होक'ने म्हणायचा, "आकडा दाखव, मी थांबतो." त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबलं तर खिडकीचा थ्रेड तेच कुलूप मागायचा. हा त्याची वाट बघतोय, तो ह्याची. डेडलॉक! माझ्या टेबलावर हे एकदाही झालं नाही, कारण माझ्या टेबलामागे ट्रॅक्टरची रांग नव्हती.

आता तेरकडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे. लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, पण माणूस व्यापारातला जाणकार. तो सांगतो की भरुचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. तगरहून साधं कापड, मलमल वगैरे माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला यायचा. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. त्याआधी विद्वान लोक तगर भलत्याच गावांत शोधत होते.

मला खरी गंमत वाटते ती भरुचची. नर्मदेच्या मुखाशी गाळाचे उथळ भाग आणि भरती-ओहोटीचा भयानक जोर. म्हणून परक्या जहाजाने थेट बंदरात शिरायचं नाही. राजाच्या नोकरीतले कोळी त्रप्पग आणि कोटिंब नावाच्या मोठ्या होड्या घेऊन बाहेर यायचे आणि जहाज ओढत, भरतीची वेळ साधत, ठरलेल्या जागी आणून लावायचे. बाहेर जहाजं कितीही असोत, आत आणणारे हात ठरलेले.

डेस्कटॉपच्या दुनियेला हे कळायला बरीच वर्षं लागली. जावाचं एडब्ल्यूटी आधी कुठल्याही थ्रेडने वापरावं असंच ठरलं होतं. ते नीट जमेना. मग स्विंगने नियम केला की खिडकीला हात लावायचा तो एकाच थ्रेडने, बाकीच्यांनी 'इन्व्होकलेटर'ने निरोप ठेवायचा. सनमधल्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली कारण फार छान समजावलं. आपला कोड वरून खाली हाका मारतो, तर माउसची क्लिक खालून वर येते. प्रत्येक थराला आपापलं कुलूप असेल तर एकजण वरून खाली कुलपं घेत येतो, दुसरा खालून वर, आणि मध्ये दोघं एकमेकांसमोर अडकतात. अरुंद घाटात समोरासमोर आलेल्या दोन एसट्यांसारखे.

बीओएसने प्रत्येक खिडकीला वेगळा थ्रेड देऊन पाहिला, पण कुलपांची काळजी प्रोग्रॅमरच्याच गळ्यात. जीटीके-वाल्यांकडेही एक मोठं जागतिक कुलूप होतं. 'एंटर' म्हणा, काम करा, 'लीव्ह' म्हणा. लोक 'लीव्ह' विसरायचे, किंवा आधीच आत असताना पुन्हा 'एंटर' म्हणायचे. २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीत त्यांनीही ते मोडीत काढलं आणि सांगितलं, मुख्य थ्रेडकडे निरोप पाठवा. म्हणजे भरुचचे कोळी!

माझी दुरुस्ती दोन-तीन ओळींची होती. वजन वाचायचं, कुलूप सोडायचं आणि मगच 'बिगिनइन्व्होक'ने निरोप टाकून पुढे जायचं, उत्तरासाठी थांबायचं नाही. आणि भरलेलं वजन मिळताक्षणी डिस्कवर लिहायचं. खरं तर हे दुसरं काम पहिलं हवं होतं. खिडकी गोठली तर माणूस चिडतो, पण आकडा गेला तर पैसे जातात.

संग्रहालयातून बाहेर आलो तर उशीर झाला होता. आई देवळाच्या पायरीवर बसून वाट बघत होती. म्हणाली, "सांगून तरी जायचंस ना, किती वेळ लागेल ते. मला जागा सोडून उठताही येईना."

पुढच्या वेळी निरोप ठेवून जाईन, म्हटलं.